अवरेकाईच्या दिवसांतलं मैदान

पौषाच्या सुमाराला आमच्या बनशंकरीच्या गल्लीत आधी वास येतो आणि मग हातगाडी. गाडीवाला ओरडत नाही. त्याला गरजच पडत नाही. दवाने ओल्या झालेल्या अवरेकाईच्या शेंगांचा तो हिरवा, तेलकट, थोडासा उग्र वास जिना चढून वर येतो आणि घराघरांतून बायका पिशव्या घेऊन खाली उतरतात. अवरेकाई म्हणजे पावट्याची बहीण, असं मी एकदा पुण्याच्या पाहुण्यांना समजावून सांगत होतो, तर आमची कमल स्वयंपाकघरातून म्हणाली, "बहीण असेल, पण सावत्र. पावट्याला हा वास कुठाय?" त्या वासाला इथे कन्नडमध्ये सोगडु म्हणतात. थंडी जितकी जास्त तितका सोगडु जास्त. घेणारा माणूस शेंग आधी नाकाला लावतो, भाव नंतर विचारतो.

मग हंगाम सरेपर्यंत घरात दुसरं फारसं काही शिजत नाही. सांबार अवरेकाईचं, उप्पीट अवरेकाईचं, तांदळाच्या रोट्टीतही तेच दाणे. रात्रभर भिजवलेला दाणा दोन बोटांत दाबला की सालातून टुणकन बाहेर उडतो. अशा सोललेल्या दाण्यांची आमटी तर देवाला नैवेद्य दाखवावा अशी. मुलगा इलेक्ट्रॉनिक सिटीत राहतो. त्याच्याकडे हे दाणे सोलून, पाकिटात भरून, फोनवर मागवले की दारात येतात. कमल ते पाकीट हुंगून खाली ठेवते. "साल काढलं म्हणतात. वासही काढून घेतलाय, ते नाही सांगत."

माझ्याविषयी तिची एक जुनी तक्रार आहे आणि ती दर हंगामात नव्याने होते. "एवढा संसार झाला, पण या माणसाने कधी एक शेंग सोलली नाही. ताटावर मात्र सगळ्यांत आधी." येणाऱ्या-जाणाऱ्याला ती हे सांगते आणि मी हसतो. तक्रार खरी आहे. कारण मात्र तिला माहीत नव्हतं. यंदा सांगितलं. तिला सांगून झालं, एका सरकारी दालनात सांगून झालं, आता जे उरलं ते इथे लिहितो आहे, म्हणजे पुन्हा माघार घेता येणार नाही.

या दिवसांत आमच्याकडे वर्तमानपत्राचं पहिलं काम शेंगांखाली अंथरण्याचं असतं. वाचन त्यानंतर, जमेल तसं, टरफलं बाजूला सारून. माझ्या वयाची माणसं निधनवार्ता आधी वाचतात. मी जाहीर सूचना वाचतो. आयुष्यभर नगररचनेच्या खात्यात नोकरी केली, ती सवय गेली नाही. त्या सकाळी कमलच्या शेंगांच्या ढिगाखालून मला एका गावाचं नाव अर्धं दिसलं. मी ढीग सरकवला. अत्तीपेटे.

अत्तीपेटे म्हणजे शहराच्या वेशीबाहेरचं एक बाजारगाव. आता शहर त्याच्यापर्यंत पोचलं आहे. गावात एक जुना दगडी मंटप आहे, कोरीव खांबांचा, आणि मंटपासमोर एक मोकळं मैदान. सूचना अशी होती: ऐतिहासिक मंटप पाहायला येणाऱ्यांच्या सोयीसाठी समोरच्या जागेवर बहुमजली वाहनतळ आणि दुकानं उभारण्यात येतील. जुन्या विकास आराखड्यानुसार सदर जागा रिक्त आहे. कोणाचा आक्षेप असल्यास सुनावणीला हजर राहावं.

"काय झालं?" कमलने विचारलं. "कोणी गेलं का?"

"नाही," मी म्हणालो. "हा 'रिक्त' शब्द माझा आहे."

तेव्हा मी तरुण होतो. अत्तीपेटेचा आराखडा हे माझं पहिलं स्वतंत्र काम. वरच्या साहेबांना गावात फारसा रस नव्हता, पण मला मंटपाने वेड लावलं होतं. त्याची मोजमापं घ्यायला मी एका हिवाळ्यात तिथे खोली घेऊन राहिलो. सकाळी उठून बाहेर पडावं तर धुक्यात मंटप दिसायचा नाही, मैदान दिसायचं नाही. नुसता वास यायचा, आणि एक बारीक, न थांबणारा आवाज. टप टप टप. वाटायचं, कुठेतरी रिमझिम चालली आहे. जवळ गेल्यावर कळायचं की सुपांत दाणे पडताहेत.

आसपासच्या खेड्यांतले शेतकरी बैलगाड्यांतून शेंगा आणून मैदानावर ओतायचे. करंजाच्या झाडांखाली दगडी कट्टे होते. त्यांवर, त्यांच्याभोवती, पोत्यांवर बायका बसलेल्या. म्हातारे, सासुरवाशिणी, सुट्टीवर आलेला एखादा शिपाईगडी. मध्ये कुठेतरी टरफलांची धुनी धुमसत असायची आणि गुरं त्या धुराच्या कडेकडेने टरफलं खात फिरायची. मी पहिल्या दिवशी टेप आणि फळी काखोटीला मारून मैदान ओलांडून मंटपाकडे निघालो, तर एका बाईने हात आडवा केला.

"बन्नी रायरे, कूत्कोळ्ळी." या रावसाहेब, बसा. "एक मूठ सोलल्याशिवाय इथून पलीकडे जाता येत नाही."

मला थट्टा वाटली. "सरकारी कामाला निघालोय, अक्का."

"तर मग सरकारची मूठ स्वल्प मोठी घ्या," ती म्हणाली आणि सगळं मैदान हसलं.

ती रत्नम्मा. मी तिला पुढे रत्नक्का म्हणू लागलो. थट्टा नव्हती ती. त्या गावाची रीतच होती. अवरेकाईच्या दिवसांत जो कोणी मैदान ओलांडेल त्याने मूठभर शेंगा सोलून पुढे जायचं. पोस्टमन बसायचा, शाळेचे हेडमास्तर बसायचे, लग्नाची बोलणी करायला आलेले पाहुणेही बसायचे. मूठ सोलायला फार वेळ लागत नाही, पण तेवढ्या वेळात माणूस गप्प बसू शकत नाही, आणि हात गुंतलेले असल्यामुळे भांडूही शकत नाही. कुणाचं शेत विकायला निघालंय, कुणाच्या सुनेला दिवस गेलेत, कुठल्या दोन भावांनी बोलणं टाकलंय, हे सगळं तिथे कळायचं. त्या न बोलणाऱ्या भावांना शेजारी शेजारी बसवलेलं मी स्वतः पाहिलं. रत्नक्काने दोघांच्या मध्ये एकच सूप ठेवलं. बस्स.

मी तो सगळा हिवाळा रोज मूठभर शेंगा सोलून मंटपाकडे जात होतो. माझ्या आरेखनाच्या कागदांवर बोटांचे हिरवट ठसे उमटायचे. साहेब एकदा कागद नाकाशी नेऊन म्हणाले, "तुम्ही मंटप मोजता की आमटी करता?"

जमीन-वापराची पाहणी मात्र उन्हाळ्यात झाली. अशी पाहणी नेहमी उन्हाळ्यातच व्हायची. जमीन कोरडी असते, गाडी जाते, मोजणीची साखळी टाकता येते, मार्च संपल्यावर साहेब मोकळे असतात. आमच्या खात्यात यात कोणाला काही वावगं वाटत नसे. पाहणीवाले कारकून अत्तीपेटेला गेले, भर दुपारी मैदानाच्या कडेला उभे राहिले आणि त्यांना माती, झाडं आणि एक झोपलेलं कुत्रं दिसलं. त्यांनी जे दिसलं ते लिहिलं. त्यांची चूक नाही.

मग त्यावरून केलेला नकाशाचा तक्ता रंगवायला माझ्या टेबलावर आला. राहत्या घरांना पिवळा, दुकानांना निळा, शाळा-देवळांना लाल, बागांना हिरवा. जिथे काही नाही ती जागा कोरी सोडायची. मंटपाला मी लाल रंग दिला आणि त्याभोवती स्वतःच्या हाताने जपणुकीची रेषा ओढली. मग ब्रश मैदानावर आला आणि थांबला. मला ती टप टप ऐकू येत होती, हे मी आज शपथेवर सांगायला तयार आहे. मैदान वापरात आहे असं दाखवलं असतं तर पाहणी पुन्हा करावी लागली असती, आराखडा पुढच्या वर्षावर गेला असता, आणि मंटपाची शिफारस त्याच्याबरोबर अडकली असती. मंटप तोवर कुणीतरी पाडेल अशी भीती मी स्वतःला घातली. ती भीती अगदीच खोटी नव्हती, म्हणून तर ती कामाला आली.

पण त्याच्याखाली आणखी एक कारण होतं आणि ते लिहायला मला मंटपाच्या मोजमापांपेक्षा जास्त वेळ लागला आहे. मला लाज वाटली. शेंगा सोलणं. माझी आई, माझ्या मावश्या दुपारच्या वेळी जे करायच्या ते सरकारी नकाशावर काय म्हणून दाखवायचं? कोरीव खांब हा इतिहास. पोत्यावर बसून हसणाऱ्या बायका हा इतिहास असतो, हे मला कुणी शिकवलं नव्हतं; आणि जे मला त्या हिवाळ्याने शिकवलं होतं त्यावर विश्वास ठेवायची हिंमत नव्हती. मी ब्रश धुतला. मैदान कोरं राहिलं.

मंटप वाचला. गावाने माझा सत्कार केला. शाल, फेटा, चंदनाचा हार. त्या दिवशीचा फोटो आजही आमच्या बैठकीत टांगलेला आहे. सत्कार चैत्रात झाला, मैदान मोकळं होतं, तिथेच मांडव घातला होता. कार्यक्रम संपल्यावर रत्नक्का पुढे आली. तिला कुणीतरी सांगितलं होतं की मी गावाचं रंगीत चित्र काढलंय.

"आमच्या जागेला कुठला रंग दिलात, रायरे?"

मी म्हणालो, "बिळी." पांढरा.

ती खूश झाली. "बिळी ओळ्ळेदू," म्हणाली. पांढरा चांगला. स्वच्छ.

त्यानंतर मी अत्तीपेटेला हिवाळ्यात कधी गेलो नाही. घरी अवरेकाई आली की खायचो, सोलायचो नाही.

एवढ्या वर्षांत मी किती गावांचे आराखडे केले आणि किती ठिकाणी भाषणं दिली की वारसा जपा, वारसा जपा. दगड जपणं तसं सोपं असतं. दगड बाराही महिने जागेवर असतो, कुठल्याही ऋतूत गेलं तरी त्याची भेट होते. माणसांचं तसं नसतं. एखादं गाव वर्षातले थोडेच दिवस पूर्णपणे एकत्र असतं आणि बाकीचे दिवस त्या दिवसांच्या आधारावर काढतं. बाहेरून येणाऱ्याने बाकीच्या दिवसांत पाहिलं तर त्याला मोकळी माती दिसते. आमच्या नकाशांना उत्तर दिशा असते, प्रमाण असतं, रंगांची सूची असते. महिने नसतात.

सूचना वाचली त्या रात्री मी कमलला हे सगळं सांगितलं. तिने मध्ये एकदाही बोलणं तोडलं नाही, हेच मोठं. मग म्हणाली, "म्हणजे तो भिंतीवरचा फोटो..."

"हो."

"मी दर दिवाळीला पुसते तो." ती फोटोकडे वळली. "जा सुनावणीला. पण नजरचुकीने झालं म्हणा. या वयात स्वतःच्या तोंडाला काळं फासून घ्यायची काय गरज? नजरचूक कुणाचीही होते."

नजरचूक हा फार मऊ शब्द आहे. त्यावर डोकं ठेवलं की लगेच झोप लागते.

सुनावणी राजाजीनगरमधल्या एका इमारतीत होती. अधिकारी एक तरुण बाई होत्या. व्हरांड्यात मला कमलशी फोनवर बोलताना ऐकून थांबल्या. "मराठी होय काका तुम्ही? मी बेळगावची. बसा की, उभे का राहिलाय?" आत गेल्यावर अर्थात सगळं कन्नडमध्ये आणि कागदावर. अत्तीपेटेहून माणसं आली होती, पण त्यांच्यापाशी मैदानाचा एकही कागद नव्हता. रत्नक्का आली नव्हती. पाय चालत नाहीत, असं तिच्या लेकीने सांगितलं. समोर वाहनतळाचा आराखडा केलेला सल्लागार, लॅपटॉप उघडून. पडद्यावर माझा तक्ता. रंग अजून चांगले होते. मध्ये ती कोरी जागा, दात पडलेल्या तोंडासारखी.

मी उठून सांगितलं की हा नकाशा मी केला आणि तो चुकीचा आहे. बाईंनी माझा जबाब लिहून घेतला आणि वाचून दाखवला. चांगल्या मनाने त्यांनी त्यात स्वतःहून एक शब्द घातला होता. "सदर जागा नजरचुकीने रिक्त दाखवण्यात आली."

सल्लागार अगदी अदबीने म्हणाला, "सर, तुमच्याबद्दल आदर आहे. पण नजरचूक झाली म्हणजे तुम्ही ती जागा नीट पाहिली नव्हती. पाहिलीच नव्हती तर तेव्हा तिथे काय चालायचं, हे आज कशावरून सांगता? लोक अलीकडे बसायला लागले असतील."

त्याचं बरोबर होतं. त्या एका शब्दाने मी सुटत होतो आणि मैदान जात होतं. इतकी वर्षं मला वाटत होतं की माझ्या अपराधाचा कुणाला काही उपयोग नाही, तो फक्त माझ्या छातीवर ठेवलेला दगड आहे. त्या दालनात मला पहिल्यांदा दिसलं की अत्तीपेटेपाशी पुरावा म्हणून तेवढाच आहे.

"तो शब्द खोडा," मी म्हणालो.

"काका," बाई मराठीत हळूच म्हणाल्या, "खोडला तर ते तुमच्यावरच येतंय बघा."

"येऊ द्या. लिहा: मी तिथे एक हिवाळा राहिलो. रोज त्या मैदानावर बसलो. सगळं गाव तिथे बसतं हे पाहिलं, आणि जाणूनबुजून जागा कोरी सोडली. नजर चुकली नव्हती."

बाईंनी तो शब्द खोडला आणि मी सांगितलं तसं लिहिलं. सल्लागाराने लॅपटॉप मिटला नाही, पण पुढे काही विचारलंही नाही. मी सही केली.

बाईंनी तारखा चाळल्या. "स्थळपाहणी करावी लागेल. एप्रिलमध्ये ठेवते, मार्चअखेरची गडबड संपली की."

मला हसू आलं, आणि रागही. "एप्रिलमध्ये तुम्हांला तिथे एक कुत्रं दिसेल, झोपलेलं. आमच्या पाहणीवाल्यांना दिसलं होतं तेच. पाहणी आत्ता करा. थंडी आहे तोवर. सकाळी."

"आत्ता सवड नाही हो काका."

"मी रोज येऊन या बाकावर बसेन. मला सवडच सवड आहे."

त्यांनी तारखांचं पान पुन्हा उलटलं. मग म्हणाल्या, "बसाल की तुम्ही. दिसतंय ते." आणि तारीख बदलली.

पाहणीच्या दिवशी धुकं होतं. बैलगाड्यांच्या जागी टेम्पो आले आहेत. करंजाची झाडं थोडी उरली आहेत, कट्टे दबले आहेत, मैदानाच्या दोन बाजूंना इमारती चढल्या आहेत. पण गाडीतून उतरलो आणि दिसायच्या आधी ऐकू आलं. टप टप टप. बाई थबकल्या. "पाऊस?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो.

रत्नक्का एका कट्ट्याला टेकून बसली होती, लेकीने शालीत गुंडाळलेली. मी समोर बसलो तेव्हा तिने डोळे बारीक करून पाहिलं.

"रायरु," ती म्हणाली. "हिवाळ्यात वाट सापडली म्हणायची."

मी तिला सांगितलं. पांढरा म्हणजे स्वच्छ नव्हे. पांढरा म्हणजे इथे कुणी नाही. तुम्ही सगळ्या इथे बसला होतात आणि मी लिहिलं की कुणी नाही. मला ते माहीत होतं, तरी लिहिलं.

तिची बोटं थांबली नाहीत. एक शेंग उघडली, दुसरी उघडली. मला वाटत होतं, ती काही बोलली तर बरं, शिवी दिली तरी बरं.

"माझ्या सासूने मला इथे बसवलं," ती शेवटी म्हणाली. "लग्न होऊन आले त्याच वर्षी. तेव्हा आम्ही नव्हतो होय इथे?"

"होता."

"तर मग हे त्या बाईंना सांगा. मला कशाला सांगता? मला माहीत आहे."

बाई मंटपाचे फोटो काढून मैदानाच्या कडेकडेने परत येत होत्या, बगलेत फाइल. त्या म्हणाल्या, "काका, निर्णय वरचे लोक घेतात, तो माझ्या हातात नाही. पण आज इथे जे दिसलं त्याची नोंद मी करणार. तुमच्या जबाबाला जोडून." मग त्या गाडीकडे निघाल्या, सरळ मैदान ओलांडून, आणि रत्नक्काचा हात आडवा आला.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"बसा," मी म्हणालो. "नियम आहे इथला."

त्यांनी साडी सावरली आणि पोत्यावर बसल्या. फाइल कुठे ठेवावी हे त्यांना कळेना, तेव्हा रत्नक्काच्या लेकीने ती घेऊन कट्ट्यावर ठेवली. कुणीतरी विचारलं, कुठल्या गावच्या. कुणीतरी विचारलं, बेळगावात अवरेकाई मिळते का, मुलं किती, सासू बरोबर असते का. बाईंचे हात गुंतले होते. त्यांना उत्तरं द्यावी लागली.

मग रत्नक्काने ढिगातून शेंगा उचलल्या आणि माझ्यासमोर ठेवल्या. मूठ मोठी होती. मी पहिली शेंग उचलली. बोटं विसरली असतील असं वाटलं होतं. शेंगेच्या टोकाला नख लागलं, शीर ओढली गेली, आणि दाणे सुपात पडले.